यादीत नसलेली गाडी

मंगळवार, ३ फेब्रुवारी २०२६. इस्लामपूर

कंपनीचं पत्र आलं. पाच पानं. त्यातली चार पानं पत्र कसं वाचावं याबद्दल आहेत.

मतलब एवढाच, की गेल्या सप्टेंबरात बनलेल्या काही मोटरसायकलींच्या पुढच्या एक्सलला पाणी नीट पाजलेलं नाही. लोहारानं कुदळ घाईत विझवली की ती पहिल्याच दगडाला तुटते, तसंच हे. एक्सल म्हणजे पुढचं चाक ज्यावर फिरतं तो दांडा. तो तुटला तर चाक एकीकडं जातं आणि माणूस दुसरीकडं. पत्रात असं लिहिलेलं नाही. पत्रात लिहिलंय, 'एक्सलची कामगिरी अपेक्षेपेक्षा वेगळी असू शकते.' ग्राहकाशी बोलताना 'तुटणे' हा शब्द वापरायचा नाही, अशी सूचना आहे.

खराब एक्सलच्या टोकाला त्रिकोणाची खूण आहे, चांगल्याच्या टोकाला गोल. नट काढल्याशिवाय खूण दिसत नाही. आमच्या शोरूममधून गेलेल्या शहाऐंशी गाड्यांची यादी जोडली आहे. प्रत्येक गाडी बोलवायची, खोलायची, त्रिकोण काढून गोल घालायचा आणि जुना एक्सल कंपनीला परत पाठवायचा. ग्राहकाला सगळं फुकट.

मालक जयराज यांनी काम माझ्यावर, म्हणजे वर्कशॉपच्या प्रमुखावर, सोपवलं. म्हणाले, "मामा, तुमी मिलिटरीतलं. यादी म्हणलं की तुमीच." खरं आहे. बावीस वर्षं ईएमईत लष्कराच्या गाड्या दुरुस्त केल्या आणि हवालदार म्हणून निवृत्त झालो. इथं सगळे सुभेदार म्हणतात. सुरुवातीला त्यांची चूक सुधारायचो, आता सोडून दिलं.

यादी हातात आल्यावर आधी उत्कर्षाच्या गाडीचा नंबर शोधला. चार महिन्यांपूर्वी, दसऱ्याला, मी लेकीला इथूनच गाडी दिली. नंबर यादीत नाही. तीन वेळा बघितलं. मग चहा घेतला.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

चाळीस फोन झाले. 'कंपनीनं गाडी परत बोलावलीय' असं म्हटलं की समोरचा माणूस घाबरतो. बोरगावच्या एकाला वाटलं जप्तीच आली. त्यानं गाडी गोठ्यात कडब्याखाली दडवली. त्याच्या आईनं फोनवर सांगितलं, की आमच्यात गाडीच न्हाई. मागं नातवंडं हॉर्न वाजवत होती.

मग मालकांनी डोकं चालवलं. दारावर कापडी फलक लावला, 'भव्य मोफत तपासणी शिबिर'. शिबिर म्हटलं की आपल्याकडं लोक येतात. सकाळी नऊला सात जण हजर. त्यात पाच म्हाताऱ्या होत्या आणि त्यांना डोळे तपासून पाहिजे होते. त्यांना चहा पाजून पाठवलं. दुपारी फलकावर 'मोटरसायकलींचे' हा शब्द रंगवून घेतला.

रविवार, ८ फेब्रुवारी

यादीतला बारा नंबर, आकाराम दूधवाला, आज सकाळी पेठनाक्याच्या अलीकडच्या वळणावर पडला. पत्राच्या भाषेत सांगायचं तर कामगिरी वेगळी झाली. खांद्याचं हाड मोडलं, पुढचे दोन दात गेले, वीस लिटर दूध गटारात गेलं.

त्याला मी तीनदा फोन केला होता. तिन्ही वेळा म्हणाला, "धारा काढून झाल्या की येतो." धारा रोजच असतात.

दवाखान्यात बघायला गेलो. दातांच्या जागेतून त्याची हवा जात होती. म्हणाला, "सुभेदार, तुमी तपासणी म्हणला. तुटतंय म्हणला असता तर ढकलत आणली असती." उद्यापासून मी 'तुटतो' असंच सांगणार. कंपनीची सूचना गेली खड्ड्यात.

चाक पंधरा फुटांवर उसाच्या सरीत सापडलं. मी स्वतः उचलून आणलं. एक्सल मोडला तिथं आतून खडीसाखरेसारखा दिसत होता. बावीस वर्षांत असलं लोखंड बघितलं नव्हतं. भीती वाटली, हे लिहून ठेवतो.

संध्याकाळी उत्कर्षाचा फोन. ती पाटणच्या सरकारी दवाखान्यात नर्स आहे. सासर तिथून वर दहा किलोमीटर, डोंगरात. जावई लेहला ड्यूटीवर, त्यामुळं रोज ती एकटीच गाडीवर येते-जाते. म्हणाली, "आबा, ब्रेक मारला की पुढनं कट्‌कट्‌ वाजतंय." मी म्हणालो, तुझी गाडी यादीत नाही, टायरमधली हवा बघ. ती म्हणाली, हवा बघितली. मी म्हणालो, मग परत बघ.

तिची गाडी म्हणजे मी स्वतः हात लावून दिलेली. दसऱ्याला विहीणबाई साळूबाई मुद्दाम पाटणहून पूजेला आल्या, आणि पुढच्या रिमवर ओरखडा दिसला म्हणून हळदकुंकवाचा हात मागं घेतला. "खंडित वस्तू पुजत न्हाईत, इवाई." मुहूर्ताला अर्धा तास होता. अर्ध्या तासात बिनओरखड्याची गाडी समोर उभी केली. विहीणबाईंनी नारळ फोडला, पेढा मला आधी दिला. असं काम शोरूममध्ये दुसऱ्या कुणाला जमलं नसतं.

बुधवार, ११ फेब्रुवारी

त्रेसष्ट झाल्या. तेवीस राहिल्या. 'तुटतो' म्हटल्यापासून लोक लवकर येतात.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

यादीतला एकेचाळीस नंबर. रहिमान मणेर, बांगड्यावाले. गाडीच्या मागं काचेच्या बांगड्यांची पेटी बांधून आठवडी बाजार करतात. एकाच फोनवर आले, गाडी धुऊन आणली, टोकन घेऊन बाकावर बसले. असे ग्राहक मला आवडतात.

नट काढला. टोकाला गोल.

चौसष्ट गाड्यांत हा पहिला गोल. कारखान्याच्या कागदाप्रमाणं या गाडीला त्रिकोणच लागलेला आहे. म्हणजे मधे कुणीतरी बदलला. चाकही बदललं असणार, कारण रिमवर बोटभर लांबीचा ओरखडा आहे आणि आमच्याकडून ओरखड्याची गाडी जात नाही.

विचारलं, चाक कुठं बदललंत?

"कुटंच न्हाई की."

भंगारवाल्याकडं? अपघात वगैरे?

"आवं साहेब, पंक्चर बी न्हाई झालं अजून. लय मऊ चालतीया गाडी. चार म्हैन्यात एक बांगडी फुटली न्हाई माझी."

आवाज चढवला नाही त्यांनी. खोटं बोलणारा माणूस आवाज चढवतो असा माझा अनुभव आहे, पण काही जण जास्त हुशार असतात. कार्डावर नोंद केली, 'ग्राहक माहिती लपवत आहे.'

शनिवार, १४ फेब्रुवारी

एकेचाळीस नंबरबद्दल कंपनीला सविस्तर लिहिलं. दोन पानं झाली. शेवटी लिहिलं, की आमच्या वर्कशॉपमध्ये कोणताही भाग इकडचा तिकडं होत नाही, याची मी जातीनं हमी देतो. मालकांनी वाचून सही केली. म्हणाले, "मामा, तुमी लिवलं की पुडचा माणूस गपगार हुतो."

सोमवार, १६ फेब्रुवारी

उत्कर्षाचा पुन्हा फोन. आता उताराला हँडल थरथरतं म्हणते. तिला सांगितलं, हँडलच्या बेअरिंगला गाडी नवी असताना थोडा ढिलेपणा येतो, पुढच्या महिन्यात सर्व्हिसिंगला आणशील तेव्हा आवळून देतो. ती म्हणाली, "पण आबा, तो दूधवाला पडला म्हणालात, त्याचं पण असंच..." मी म्हणालो, त्याची गाडी यादीत होती. तुझी नाही. मग म्हणाली, "बरं."

फोन ठेवल्यावर उत्कर्षाची आई म्हणाली, "आवं, एकदा जाऊन बघून या की. काय झिजताय का?" तिला समजावून सांगितलं, की यादी कंपनीनं संगणकावर बनवलीय, प्रत्येक गाडीचा नंबर टाकून. ती म्हणाली, संगणकाला लेक हाय का? या बाईशी वाद घालण्यात अर्थ नाही. जेवण झाल्यावर माझं ताट तिनं उचललं नाही, मीच उचललं.

गुरुवार, १९ फेब्रुवारी

एक्क्याऐंशी झाल्या.

कंपनीचं उत्तर आलं. त्यांनी कारखान्यातले कागद तपासले. एकेचाळीस नंबरला त्रिकोणच लावला होता. म्हणजे ग्राहकानं बाहेरून चाक बदललं, सबब त्याची वॉरंटी रद्द. हे ग्राहकाला समक्ष कळवावं.

आष्ट्याच्या बाजारात गेलो. रहिमान एका बाईच्या हातात हिरव्या बांगड्या भरत होते. बाईचा हात मोठा होता, त्यामुळं मला थांबावं लागलं. साबण लावून बोटं दुमडून त्यांनी डझनभर बांगड्या चढवल्या, एक फुटली नाही. मग हात पुसून माझ्याकडं बघितलं.

पत्र वाचून दाखवलं. त्यांनी घडी घालून खिशात ठेवलं. म्हणाले, "साहेब, आरूखडा तुमच्याच हितला हाय. गाडी न्हेली त्या दिवशी मी तुमास्नी दावला की. तुमी म्हणाला, चाक गोल हाय न्हवं? मग झालं तर. मला बी पटलं. चाक गोलच हाय."

मी असं काही बोलल्याचं मला आठवत नाही. पण वाक्य माझं वाटतं.

चहा सांगितला त्यांनी. मी घेतला नाही. ज्याच्यावर कारवाई केली त्याचा चहा घेऊ नये. परत येताना वाऱ्यामुळं डोळ्यांत पाणी येत होतं आणि मनात एकच गोष्ट घुमत होती, की मी हे कधी म्हणालो असेन.

शुक्रवार, २० फेब्रुवारी, सकाळी ८.१०

उठल्या उठल्या गेल्या वर्षाची डायरी काढली. रहिमान गाडी घेऊन गेले तो दिवस बघायचा होता. त्याच्या दोन पानं आधी दसरा आहे. जसं आहे तसं उतरवतो.

'२ ऑक्टोबर २०२५, गुरुवार. विजयादशमी. एकतीस गाड्या दिल्या. उत्कर्षाच्या गाडीच्या पुढच्या रिमवर ओरखडा, येताना ट्रकमध्ये घासलं. विहीणबाई अडून बसल्या. मागं काळी गाडी उभी होती, तिचं पुढचं चाक एक्सलसकट काढून हिला घातलं आणि हिचं तिला. अकरा मिनिटं. काळी गाडी शनिवारी रहिमान बांगड्यावाले नेणार. त्यांच्यात पूजा नसते, ते काय बघत नाहीत. श्रीखंड बरं होतं.'

अक्षर माझंच आहे.

तीन वेळा फोन केला. उत्कर्षा उचलत नाही. मेसेज टाकला, 'गाडी चालवू नकोस. एक्सल.' आत्ता उत्तर आलं, 'आबा, यादीत नाही ना? ड्यूटीवर पोचले. नंतर बोलते.' पुढं हसरं तोंड.

निघतो. एक्सल, दोन पाने, हातोडी घेतली. वर्कशॉपमधून एक्सल घेताना रजिस्टरला नोंद केलेली नाही. दसरा धरून शोरूमच्या नोकरीत दुसऱ्यांदा.

त्याच दिवशी, घरी आल्यावर

कराडपर्यंत ट्रॅक्टरच ट्रॅक्टर. एकेका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, वर ऊस बाहेर आलेला, ओव्हरटेक करायला जागा नाही. मी चाळीसच्या वर गाडी चालवत नाही. आज काट्याकडं बघितलं नाही.

पावणेअकराला पाटण. दवाखान्याच्या आवारात उत्कर्षाची गाडी नव्हती. केसपेपरच्या खिडकीवर सांगितलं, सिस्टर लसीची पेटी घेऊन वरच्या गावाला गेल्यात, गाडीवर. कोणतं गाव विचारलं. चढ आहे का, विचारलं. तो म्हणाला, आवं हितं सगळंच चढ हाय, आन येताना उतार.

मी त्या रस्त्यानं वर निघालो. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खाली कोयना. लष्करात यापेक्षा वाईट रस्ते बघितलेत. प्रत्येक वळणावर मी पुढं बघायच्या आधी कठड्याकडं बघत होतो, कठडा मोडलेला आहे का. चार वळणं झाली. पाचव्याच्या वर ती दिसली, लाल गाडी, पाठीला निळी पेटी, उताराला येत होती. गाडी आडवी लावून मी रस्त्याच्या मधोमध दोन्ही हात वर करून उभा राहिलो. आणि लगेच कळलं, की हे चुकलं. मला बघून ती जोरात ब्रेक मारणार, आणि ब्रेक पुढच्याच चाकाला जास्त लागतो. आडवी लावलेली गाडी बाजूला ढकलली, हात खाली घेतले आणि हळू ये, हळू ये, असं नुसतं तोंडानं पुटपुटत राहिलो. तिला ऐकू येणं शक्य नव्हतं.

ती हळू थांबली. हल्ली ब्रेक वाजतो म्हणून ती हळूच मारते, असं नंतर म्हणाली.

"आबा? आईला काय झालं?"

"आईला काही नाही. उतर."

"मग कुणाला?"

"उतर खाली."

ती उतरली. मी रस्त्याकडेच्या दगडावर बसलो. ती नर्स आहे. तिनं आधी माझी नाडी बघितली, मग पाणी दिलं.

तिथंच गाडी उभी करून नट काढला. त्रिकोण. एक्सल ओढून बाहेर काढला तर मधोमध केसाएवढी चीर, जवळजवळ पूर्ण फिरलेली. पान्यानं हलकंच टोला दिला. दोन तुकडे झाले. आतून खडीसाखर.

उत्कर्षा बघत होती. म्हणाली, "यादीत नव्हती ना गाडी?"

मी तिला सगळं सांगितलं. ओरखडा, काळी गाडी, अकरा मिनिटं. सांगताना नवा एक्सल बसवत होतो, त्यामुळं तिच्याकडं बघावं लागलं नाही. नट आवळून झाल्यावर बघावं लागलं.

"मी दोनदा फोन केला होता, आबा."

"व्हय."

"दोनदा."

"व्हय, पोरी."

पेटीतल्या लसी गरम होतील म्हणाली आणि निघाली. मी तिच्या मागं मागं दवाखान्यापर्यंत गेलो. तिनं आरशात माझ्याकडं एकदाही बघितलं नाही. मी वाट बघत होतो.

दोन वाजता तिची ड्यूटी संपली. जेवायला वर तिच्या घरी गेलो. विहीणबाईंनी भाकरी थापता थापता ऐकून घेतलं. दोन्ही तुकडे हातात घेऊन बघितले आणि उंबऱ्याबाहेर ठेवले.

"खंडित हाय. घरात नगं. जाताना कोयनंत सोडा, इवाई. पाण्यात सोडलं की मागं कायबी लागत न्हाई. कोन इचारतंय?"

त्यांना म्हणालो, जुना एक्सल कंपनीला परत पाठवायचा नियम आहे.

"कंपनी तुमच्या लेकीची गाडी यादीत धरती का? न्हाई न्हवं? मंग तुकडं कुटनं आलं म्हणून सांगणार?"

विहीणबाई दुसरी शिकल्या आहेत. मी उंबऱ्याबाहेरचे तुकडे उचलून खिशात टाकले.

कराडात कोयनेच्या पुलावर दहा मिनिटं थांबलो. तुकडे खिशात होते. का थांबलो ते लिहायची गरज नाही. मग एक कॉलेजची पोरगी लाल मोटरसायकलवरून गेली, ओळखीची ना पाळखीची, आणि मी तिच्या पुढच्या चाकाकडं बघत राहिलो. दसऱ्याला चाकं बदलणारा मी एकटाच असेन असं मला वाटत नाही. जिथं गाड्या पुजतात, तिथं ओरखडा कुणालाच चालत नाही.

तुकडे घेऊन घरी आलो. उत्कर्षाच्या आईनं ऐकल्यावर एवढंच म्हटलं, "जेवा." जेवलो नाही.

सोमवार, २३ फेब्रुवारी

मालकांना सांगितलं. तुकडे टेबलावर ठेवले. त्यांनी दार लावून घेतलं.

"मामा, कुनी इचारलंय का तुमास्नी?"

"नाही."

"मंग? लेक वाचली, एक्सल बदलला, मिटलं. आपुन हमी लिवून दिलीया कंपनीला. माझी सही हाय तिच्यावर."

"मजकूर माझा आहे."

"शोरूम जाईल माजं."

त्यांचं चुकत नव्हतं. बापानं टपरीपासून वाढवलेला धंदा आहे. त्यांना सांगितलं, की तुमचं नाव कुठंही येणार नाही असं लिहितो. ते खिडकीतून बाहेर फलकाकडं बघत बसले. मग म्हणाले, "लिवा. तुमी न लिवता ऱ्हानार न्हाईच. आन मला वाचायला दिऊ नका."

भाग परत पाठवायच्या फॉर्मवर कारणाचा रकाना आहे. (अ) उत्पादनातील दोष, (ब) ग्राहकाचा निष्काळजीपणा, (क) अपघात. यांपैकी एकावर खूण करायची. मी खाली पेनानं (ड) तयार केलं आणि लिहिलं, 'पूजेसाठी बिनओरखड्याचं चाक पाहिजे म्हणून मी अदलाबदल केली. नोंद केली नाही. ग्राहक रहिमान मणेर यांनी काहीही लपवलेलं नाही. लपवलं ते मी. इतर ठिकाणीही असं झालं असेल, तरी दसऱ्याच्या सगळ्याच गाड्या खोलून बघाव्यात.' खाली सही. हवालदार, निवृत्त.

यादीच्या शेवटी हातानं सत्त्याऐंशी नंबर घातला आणि तिच्या गाडीचा नंबर लिहिला.

बुधवार, २५ फेब्रुवारी

रहिमान यांच्या घरी गेलो. त्यांची बायको शबाना बांगड्यांना दोरा ओवत बसली होती. दोघांसमोर सगळं सांगितलं. त्यांच्यात पूजा नसते म्हणून ओरखड्याचं चाक त्यांना दिलं, हेही सांगितलं. ते सांगायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

शबानानं हातातला दोरा थांबवला. म्हणाली, "आमच्यात पूजा नसती, पर डोळं असत्यात की."

मी मान खाली घातली. दुसरं काय करणार.

रहिमान बराच वेळ बोटांवर काहीतरी मोजत होते. मग म्हणाले, "म्हंजे चार म्हैनं चांगला दांडा माज्याकडं हुता. आन त्यो माजा..." तिथंच थांबले. "पोरगी बरी हाय न्हवं?"

मला रडू आलं. एकसष्टाव्या वर्षी, परक्याच्या ओसरीवर, बांगड्यांच्या पेट्यांमधे बसून. शबानानं आत जाऊन चहा टाकला. या वेळी घेतला.

नवीन बिनओरखड्याचं चाक बसवून देतो म्हणालो, माझ्या पगारातून. रहिमान नको म्हणाले. "ऱ्हाऊ द्या. ह्येच चाक शुभ हाय."

सोमवार, ९ मार्च

कंपनीकडून दोन पत्रं. पहिलं मला, कडक समज देणारं, आणि वर्कशॉपचं प्रमुखपद सहा महिने काढून घेतल्याचं. दुसरं सगळ्या शोरूमना, की दसऱ्याच्या आठवड्यात दिलेली प्रत्येक गाडी, यादीत असो वा नसो, खोलून बघावी. कारण दिलेलं नाही. रहिमान यांची वॉरंटी पूर्ववत.

मंगळवार, १७ मार्च

पलीकडच्या तालुक्यातल्या शोरूममधून फोन. "सुभेदार, कोन शानं हाय वं कंपनीत? यादीत नसल्याल्या गाड्या खोलायला लावल्या. चाळीस गाड्या. मानसं दमली माजी."

विचारलं, काय निघालं?

"तीन त्रिकोण."

"खोलल्या ते बरं झालं."

"व्हय," म्हणाला. "बरं झालं." फोन ठेवला. त्याला सांगितलं नाही.

उत्कर्षाचा महिनाभर मला फोन नाही. आईला करते. मी पलीकडं बसून ऐकतो.

गुरुवार, १९ मार्च. गुढीपाडवा

आज चोवीस गाड्यांची डिलिव्हरी. साडेदहाचा मुहूर्त. एका म्हातारीला टाकीवर टाचणीएवढा डाग दिसला आणि ती अडून बसली. मालकांनी माझ्याकडं बघितलं. मी तिला म्हणालो, मावशी, दुसरी गाडी चार दिवसांनी येईल, नाहीतर हिलाच काळी तीट लागलीय असं समजा. ती विचारात पडली.

दहा वाजून पाच मिनिटांनी फोन वाजला. उत्कर्षा.

"आबा, गाडीच्या मागनं काहीतरी खडखडतंय. यादीत..."

"थांब तिथंच. गाडी चालवू नकोस. निघालो."

"अहो, पूर्ण ऐका तरी."

मालक मागून ओरडत होते, की मामा, मुहूर्त, मामा. म्हातारी म्हणाली, कुनाचं काय झालं? मी निघालो.

पाटणला पोचलो तेव्हा ती दवाखान्याच्या पायरीवर बसली होती. गाडी पुढून खोलली, मागून खोलली. गोल, सगळं घट्ट. मग बाजूला लावलेली डिकी उघडली. जेवणाच्या डब्यात मोकळा चमचा होता.

सत्तर किलोमीटर जाऊन चमचा काढला. आवाज गेला.

उत्कर्षा हसायला लागली. हसता हसता ओढणीनं डोळे पुसले आणि म्हणाली, "चला, डब्यात श्रीखंड आहे, सासूबाईंनी दिलंय." आम्ही पायरीवर बसून खाल्लं. एकच चमचा होता.